खटला न भरण्याचा अधिकार

गुन्हा घडला, पुरावा मिळाला, की खटला भरायचाच, असं आपण धरून चालतो. इंग्लंडमध्ये आज सरकारी वकील दोन प्रश्न विचारतो. पुराव्यावर गुन्हा शाबीत होण्याची खरीखुरी शक्यता आहे का? आणि असली, तरी खटला भरण्यात सार्वजनिक हित आहे का? पहिला प्रश्न कायद्याचा. दुसरा अवघड, कारण हे हित ठरवायचं कुणी?

1924 साली या प्रश्नापायी एक सरकार पडलं. मजूर पक्षाचं ते पहिलंच सरकार, पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड. जुलैमध्ये ‘वर्कर्स वीकली’ या कम्युनिस्ट पत्रात सैनिकांना आवाहन छापून आलं: कामगारांवर गोळ्या झाडू नका. संपादक जे. आर. कॅम्पबेल. ॲटर्नी जनरल सर पॅट्रिक हेस्टिंग्ज यांनी 1797 च्या, सैन्यात बंडाची चिथावणी देण्याविरुद्धच्या कायद्याखाली खटल्याला मंजुरी दिली. 5 ऑगस्टला कॅम्पबेलला अटक झाली आणि 13 ऑगस्टला खटला मागे घेतला गेला!

कारणं होती. कॅम्पबेल महायुद्धात जखमी झालेला, शौर्यपदक मिळालेला सैनिक. ज्यूरी त्याला दोषी धरील हे कठीणच होतं. पण मधे, 6 ऑगस्टला, मंत्रिमंडळानं ठरवलं होतं की राजकीय स्वरूपाचा कोणताही खटला आपल्या पूर्वसंमतीशिवाय भरू नये. झालं! आता निर्णय वकिलाचा की पक्षाचा, हे कोण सांगणार? 8 ऑक्टोबरला चौकशी समितीची मागणी 364 विरुद्ध 198 मतांनी मंजूर झाली, निवडणुका लागल्या आणि मजूर पक्ष हरला.

इथं जरा थांबू या. खटला मागे घेणं कदाचित बरोबरच होतं. पण कुणाच्या सांगण्यावरून घेतला, हे स्पष्ट नसेल, तर बरोबर निर्णयही संशयास्पद होतो.

1951 साली तेव्हाचे ॲटर्नी जनरल सर हार्टली शॉक्रॉस यांनी संसदेत याचं उत्तर मांडलं. प्रत्येक संशयित गुन्ह्यावर खटला भरायलाच हवा, असा नियम इंग्लंडात कधीच नव्हता, हे त्यांनी सांगितलं. सहकारी मंत्र्यांचा सल्ला घ्यावा, मात्र आदेश घेऊ नये. जबाबदारी ॲटर्नी जनरलचीच. आणि खटल्यामुळे सरकारचा राजकीय फायदा होईल की तोटा, हा विचार तर मनात आणूच नये.

आपल्याकडची घडी वेगळी आहे. आरोपपत्र पोलीस दाखल करतात. मात्र खटला मागे घ्यायचा तर अर्ज सरकारी वकिलानं करायचा आणि न्यायालयाची संमती घ्यायची. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 321 होतं, आता नव्या संहितेत 360 आहे. वकिलानं स्वतःच्या बुद्धीनं ठरवावं, सरकारच्या हुकमाचा टपाली होऊ नये, असं आपलं सर्वोच्च न्यायालयही सांगत आलंय.

तेव्हा एखादा खटला मागे घेतल्याची बातमी वाचाल, तेव्हा ‘का घेतला’ याच्या बरोबरीनं ‘कुणी घेतला’ हेही विचारा. विवेकाधिकार हवाच, त्याशिवाय कायदा निर्दय होईल. पण त्या विवेकाला जाब देणारा एक माणूस असला पाहिजे.