खेळाचा पट आणि जवळची वाट

कोणत्याही खेळाचा इतिहास लिहितांना आपण बहुधा त्याच्या नियमांचाच इतिहास लिहितों. परंतु बेत मनांत आल्यापासून तो पटावर उतरेपर्यंत जो वेळ जातो, त्याचाहि एक इतिहास असतो. ज्या खेळांत चार मित्र एकत्र बसून बोलतां बोलतां एक काल्पनिक कथा घडवितात, त्या भूमिका-खेळांच्या बाबतींत तर हाच इतिहास अधिक बोधप्रद आहे, असें आम्हांस वाटतें. यांत एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेका पात्राचें सोंग घेतात, आणि साहस साधलें कीं फसलें याचा निकाल फांसे देतात.

या खेळाचें कुळ प्रशियापर्यंत मागें नेतां येतें. १८२४ सालीं राइस्वित्झ नांवाच्या तरुण अधिकाऱ्यानें आपला युद्धखेळ प्रसिद्ध केला. १:८००० प्रमाणाचे नकाशे, पलटणींच्या जागीं सोंगट्या, फांसे, हानीचीं कोष्टकें आणि दोन्ही पक्षांचे हुकूम ऐकणारा पंच, अशी त्याची मांडणी होती. प्रशियन सेनेच्या जनरल स्टाफचा प्रमुख म्युफ्लिंग यानें तो पाहिला आणि सैन्यास त्याची शिफारस केली. परंतु त्यांतील एक खेळी म्हणजे लढाईचीं केवळ दोन मिनिटें; आणि तेवढ्याचा निकाल लावण्यासाठीं पंचास कोष्टकें धुंडाळीत बसावें लागे. पुढें १८७६ सालीं व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या सेनाधिकाऱ्यानें कोष्टकें बाजूस सारून निर्णय अनुभवी पंचाच्या विवेकावर सोपविला. ही पहिली जवळची वाट. तिनें वेळ वांचला खरा, पण खेळाची सारी मदार एका माणसाच्या योग्यतेवर येऊन पडली.

१९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. एका पेटींत तीन पुस्तिका, आणि पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या १०००. युद्धखेळांच्याच परंपरेंत तो उपजला. मात्र पलटणीच्या जागीं आतां एकेक वीर आला. खेळ वाढला तशीं कोष्टकेंहि वाढलीं. मग सूत्रधारापुढें घडीचा पुठ्ठा उभा राहूं लागला. त्याच्या आंतल्या बाजूस नेहमींचीं कोष्टकें छापलेलीं असत, व पुस्तक न उघडतां नुसत्या नजरेनें उत्तर सांपडे. ही दुसरी वाट.

नंतर हा पट संगणकावर गेला. २००४ मध्यें ‘फँटसी ग्राउंड्स’, २०१२ मध्यें ‘रोल२०’ आणि २०२० मध्यें ‘फाउंड्री’ हीं साधनें आलीं, आणि दूरदूरच्या गांवचे मित्र एका पटाभोंवतीं जमूं लागले. बेरीज-वजाबाकी यंत्र करूं लागलें; पण विलंब गेला नाहीं, त्यानें केवळ रूप पालटलें. तलवारीचा एक वार करावयाचा तर सोंगटी निवडावी, पात्राचा तक्ता उघडावा, यादींत तलवार शोधावी, आणि मग कोठें फांसे टाकावे! तोंवर बाकीचे पडद्याकडे पाहत गप्प. म्हणून ही सारी साखळी एका आज्ञेंत गुंफून एका कळीवर ठेवण्याची सोय झाली. ‘फाउंड्री’च्या पडद्याच्या तळाशीं दहा घरांची पट्टी असते, तिचीं पांच पानें असतात, आणि अंकाची कळ दाबली कीं त्या घरांतील आज्ञा सुटते.

परंतु पन्नास घरें भरलेला खेळाडू कोणतें शस्त्र कोणत्या पानावर आहे हें आठवीत बसला, तर त्याच्यांत आणि कोष्टकें चाळणाऱ्या प्रशियन पंचांत अंतर तें काय राहिलें? येथें ‘रोल२०’ची एक युक्ति शहाणपणाची आहे: सोंगटी निवडतांच तिला जोडलेल्या आज्ञा समोर येतात. दुसरी गोष्ट हाताची. फ्रेंच कळफलकाच्या वरच्या ओळींत अंक उमटविण्यास शिफ्टची कळहि दाबावी लागते. कोणाचा हात कांपतो, कोणास माउस धरवत नाहीं. एकाची जवळची वाट दुसऱ्यास आडरान होते. म्हणून २०२१ च्या अखेरीस ‘फाउंड्री’च्या नवव्या आवृत्तीनें कळा आपल्या सोयीनें बदलण्याची जी मुभा दिली, ती आम्ही चैन समजत नाहीं, पंक्तींत सर्वांस पान मांडण्यापैकींच ती आहे.

एक धोका मात्र उरतो. कळीवर वार बसतो, मंत्र बसतो. पण पहारेकऱ्याशीं त्याच्या मुलाबाळांची चौकशी करीत दरवाजा उघडवून घेण्याचा बेत कोणत्या घरांत बसणार? ज्याला कळ नाहीं तें सुचेनासें होणें, ही या सोयीची खरी किंमत ठरूं शकते. व्हेर्डीनें कोष्टकें दूर सारलीं तीं पंचाचा विवेक मोकळा व्हावा म्हणून. आजच्या कारागिरांनीं हीच कसोटी लावावी. कळीनें वांचलेला क्षण पुढच्या कळीकडे धांवला तर ती सुधारणा फुकट गेली. तो बोलण्याकडे परत आला, तर खेळाचें सार्थक झालें.