अक्षर आणि पक्षी

प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत एक पक्षी पुन:पुन्हा भेटतो. अभ्यासकांनी मांडलेल्या वर्णतक्त्यांत सहसा त्याचेच चिन्ह पहिले असते. तो पक्षी म्हणजे पांढरे गिधाड.

१७९८ साली नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली, तेव्हा सैन्यासोबत विद्वानांचा ताफाही होता. या मोहिमेत, १७९९ मध्ये, रोझेटाचा शिलालेख सापडला आणि त्याच्या आधारे १८२२ साली शांपोलियाँने ही लिपी उलगडली. त्याच ताफ्यातील प्राणिशास्त्रज्ञ साव्हिन्यी याने १८०९ मध्ये या गिधाडाला 'निओफ्रॉन' हे शास्त्रीय नाव दिले. ग्रीक पुराणकथेत झ्यूसने ज्याचे गिधाड केले, त्या तरुणाचे हे नाव. भारतात कायम राहणाऱ्या उपजातीच्या नावात तर 'जिंजी' आहे. मराठी वाचकाला राजाराम महाराजांमुळे परिचित असलेली तीच जिंजी.

नावे अशी टिकली. पक्षी मात्र २००७ पासून जागतिक पातळीवर 'संकटग्रस्त' गणला जातो. बाल्कन प्रदेशात काही दशकांतच त्याची संख्या ८० टक्क्यांहून अधिक घटली. तिथली गिधाडे शरद ऋतूत तुर्कस्तान आणि मध्यपूर्वेवरून आफ्रिकेत उतरतात. वाटेत कुठे लांडग्यांसाठी ठेवलेले विषारी आमिष असते, तर कुठे विजेच्या तारा. सुदानमध्ये पोर्ट सुदानजवळ १९५०च्या दशकात उभारलेल्या एका वीजवाहिनीखाली मेलेली गिधाडे १९८०च्या दशकातच अभ्यासकांनी पाहिली होती. ती वाहिनी बंद झाली २०१४ साली. पाहणे आणि थांबवणे यांत तीस वर्षे गेली.

बल्गेरिया आणि ग्रीसमध्ये आज घरट्यांवर पहारा असतो आणि विष हुंगणारी प्रशिक्षित कुत्री रानात फिरतात. पण घरटे एका देशात जपले आणि तार दुसऱ्या देशात उघडी राहिली, तर ते जपणे अपुरेच. स्थलांतरित पक्ष्याचे रक्षण हे अखंड वाक्यासारखे असते: मधला एक शब्द गळला, की अर्थ हरवतो.

'अक्षर' म्हणजे ज्याचा क्षर होत नाही ते. दगडावरचे गिधाड त्या अर्थाने अक्षर ठरले. आकाशातल्या गिधाडाला मात्र तशी हमी कोणी दिलेली नाही. दगडातले चिन्ह वाचायला आपण शिकलो. तारेखालचे वाचून वेळेत हात हलवायला शिकलो, तरच ते अक्षर कोणाचे चित्र होते, हे पुढच्या पिढ्यांना आकाशाकडे बोट दाखवून सांगता येईल.