एका ठिपक्याची गोष्ट

दिवाळीत आपण पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी काढतो. मधली ओळ १५ ठिपक्यांची, मग दोन्ही अंगांना १४, १३ असं उतरत ८ पर्यंत. मोजून बघा, बरोबर १६९ ठिपके होतात. एकही चुकत नाही. पण गटाच्या बैठकीत नोंदवही पुढे केली, की त्याच बाई म्हणतात, "ताई, मले हिशोब नाही जमत."

म्हणून आज ठिपक्याच्या एका चित्रकाराची गोष्ट सांगते. सय्यद हैदर रझा. जन्म १९२२चा, मध्य प्रदेशात मंडला भागातल्या बाबरिया गावचा. शाळेत त्यांचं लक्ष लागेना. गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, याच्याकडेच बघत बस.

पुढे रझा नागपूरला आणि मग मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये चित्रकला शिकले. १९५०मध्ये पॅरिसला गेले. नाव झालं, पण मनाला काहीतरी कमी वाटत होतं. ते भारतात येऊन फिरले, आपल्या शेजारचा अजिंठाही पाहिला. आणि गुरुजींचा तो ठिपका परत आला. १९८०च्या सुमारास त्यांच्या चित्रांत मोठा काळा बिंदू दिसू लागला. भोवती त्रिकोण, चौकोन, वर्तुळं. माणूस नाही, झाड नाही, नुसते रंग आणि आकार. अशा चित्राला अमूर्त चित्र म्हणतात. रझांसाठी बिंदू म्हणजे बी, ज्यातून सगळं उगवतं.

हाच ठिपका आपल्या जुन्या गणितात शून्याची खूण होता. बख्शाली नावाच्या जुन्या पोथीत शून्य ठिपक्यानेच लिहिलंय. आणि शून्याचं, ग्रहांचं गणित मांडणारे भास्कराचार्य तर आपल्या भागाशी जोडलेले. त्यांनी ११५०मध्ये 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातू चांगदेवाने चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला. १२०७चा शिलालेख तिथे आहे. मठ चालायचा कसा? बाजारातून थोडं थोडं यायचं, दर घाण्यामागे एक पळी तेल. आपल्या गटाच्या बचतीसारखंच.

तर बायांनो, १६९ ठिपके न चुकता मांडणारीला हिशोब येतोच. पुढच्या बैठकीत नोंदवही दुसरीकडे सरकवू नका. पहिली ओळ तुम्हीच लिहा.