बॉर्डर-बॉक्सची कुळकथा

‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ ही ओळ आज वेबपानांची मांडणी ठरवणाऱ्या बहुतेक सीएसएस फाइलींच्या डोक्यावर असते. नवशिके ती न विचारता डकवतात. तिचं मूळ मात्र एका बगमध्ये आहे.

होकोन विउम ली याने ऑक्टोबर १९९४मध्ये सीएसएसची कल्पना मांडली. बर्ट बॉस त्याला येऊन मिळाला आणि डिसेंबर १९९६मध्ये पहिलं मानक जाहीर झालं. त्यात चौकटीची रुंदी म्हणजे फक्त आतल्या मजकुराची; पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) आणि बॉर्डर वरून मिळवायची. थोडक्यात, कार्पेट एरिया. विंडोजवरच्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ आणि ५ने भिंतींसकट बिल्टअप मोजलं. रुंदी ३०० पिक्सेल, दोन्ही बाजूंना २०चं पॅडिंग आणि ५ची बॉर्डर दिली, की मानकाप्रमाणे चौकट ३५० भरायची. एक्सप्लोररमध्ये ती ३००च राहायची आणि मजकुराला उरायचे २५०. एक्सप्लोररमध्ये शेजारी-शेजारी चपखल बसवलेले दोन कॉलम दुसऱ्या ब्राउझरमध्ये मावायचे नाहीत. दुसरा घसरून खाली जायचा.

यावर टँटेक चेलिकने तोडगा काढला. हा गडी मायक्रोसॉफ्टचाच, मॅकवरच्या एक्सप्लोररचं इंजिन घडवणारा! आधी एक्सप्लोररला लागणारी वाढीव रुंदी लिहायची. मग ‘व्हॉइस-फॅमिली’ हा गुणधर्म. तो खरं तर पान मोठ्याने वाचणाऱ्या यंत्राचा आवाज ठरवण्यासाठी होता. त्याच्यापुढे अवतरणचिन्हांत एक मिटता महिरपी कंस दडवायचा. एक्सप्लोरर ५ त्या कंसाला फसायचा आणि नियम संपला असं समजून पुढचं सोडून द्यायचा. शहाण्या ब्राउझरांसाठी खरी रुंदी त्यापुढे लिहिलेली असे. आवाजाच्या गुणधर्माने रुंदी सांभाळायची, असले ते दिवस.

चेलिकच्याच मॅक एक्सप्लोरर ५ने मार्च २०००मध्ये पक्का उपाय आणला: पानाच्या माथ्यावरची डॉकटाइपची ओळ बघायची, ती नीट असेल तर मानकाप्रमाणे मांडणी करायची, नाहीतर जुन्या खोडीने. पुढच्याच वर्षी विंडोजवरच्या एक्सप्लोरर ६नेही हेच उचललं. मानकाची सरशी झाली.

पण हिशेब एक्सप्लोररचाच सोयीचा होता, असं माझं मत. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याने ठरलेलं पाळलं नाही. फोन आले, रुंदी टक्क्यांत लिहिली जाऊ लागली आणि ५० टक्क्यांच्या दोन कॉलमांना पॅडिंग दिलं की मानकाच्या मोजणीत ते ओळीत मावेनात. बॉक्स-सायझिंगमुळे दोन्हींपैकी हवी ती मोजणी निवडता येते. फेब्रुवारी २०१२मध्ये वेब डेव्हलपर पॉल आयरिशने बॉर्डर-बॉक्स, म्हणजे एक्सप्लोररचीच मोजणी, सगळ्याच घटकांना सरसकट लावा, असा आग्रह धरला. २०१३मध्ये बूटस्ट्रॅप ३ या सीएसएसच्या तयार चौकटीने तसंच केलं.

सीएसएसच्या कार्यगटाने स्वतःच्या चुकांची एक यादी ठेवली आहे. मुळातली मोजणी बॉर्डर-बॉक्सचीच हवी होती, हे तिच्यात नोंदवलेलं आहे. आता ती मोजणी बदलता येत नाही. जुन्या मोजणीवर उभी असलेली पानं मोडतील.