दुधाचा दात किडलाय? ‘पडणारच आहे’ म्हणून सोडू नका

पोरगं रात्रभर दाढ धरून रडतं, सकाळी गाल सुजलेला असतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, “दुधाचाच दात आहे, पडेल आपोआप.” हाच समज महागात पडतो.

दुधाचे दात 20 असतात. पुढचे दात साधारण 6-7 व्या वर्षी पडू लागतात, पण मागच्या दाढा 10 ते 12 वर्षांपर्यंत तोंडात राहतात. म्हणजे 5 वर्षांच्या मुलाला किडलेल्या दाढेवर अजून 5-6 वर्षं काढायची असतात. तिच्या मुळाखाली पक्का दात तयार होत असतो. वरच्या दाढेत पू झाला तर त्यालाही इजा होऊ शकते. दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात आणि पक्का दात वाकडा येतो.

उपचार काय असतात?

- छोटा खड्डा: कीड साफ करून सिमेंट भरतात. अगदी लहान मुलांना कीड थांबवणारं सिल्व्हरचं औषधही लावतात. त्याने किडलेला भाग काळा पडतो, घाबरू नका.
- कीड नसेपर्यंत गेली: आतली खराब नस काढून औषध भरतात, वर स्टीलची कॅप बसवतात. दात पडतो तेव्हा कॅपही त्याच्यासोबत पडते.
- दात वाचण्यासारखा नाही: काढतात. अशा वेळी जागा राखण्यासाठी तारेची पट्टी लागेल का, हे डॉक्टरांना विचारा.

नुसत्या अँटिबायोटिकने सूज उतरते, पण कीड तशीच राहते आणि दुखणं परत येतं. म्हणून दुखायचं थांबलं तरी दात दाखवाच.

दवाखान्यात जाईपर्यंत

मूल चूळ भरू शकत असेल तर कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा भरायला लावा. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनाप्रमाणे सांगितलं तेवढंच द्या. मिश्री, तंबाखू लावू नका, ॲस्पिरिन देऊ नका. सुजेवर गरम शेक नको, गळू सुईने फोडू नका.

त्याच दिवशी दवाखाना गाठा

ताप आला, सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे पसरली, तोंड उघडेना, तर सकाळची वाट बघू नका. गिळता येईना किंवा श्वासाला त्रास होत असेल तर लगेच 108 ला फोन करा.

कुठे दाखवायचं?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून 2 वेळा आणि सरकारी शाळेत 1 वेळा येतं. त्या तपासणीत दातही बघतात. पुढच्या उपचारासाठी चिठ्ठी मागून घ्या. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, ते आशाताईंना विचारून निघा, म्हणजे हेलपाटा होणार नाही.

आणि एक: 6 व्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे जी नवी दाढ येते, ती कुठलाही दात न पडता येते. ती दुधाची नाही, पक्की आहे. ती गेली तर परत येत नाही.