पावाचा तक्ता

६ मे १७९५. इंग्लंडमधील बर्कशायर परगण्याचे मॅजिस्ट्रेट स्पीनहॅमलंड येथील पेलिकन नावाच्या सराईत जमले होते. फ्रान्सशी युद्ध चालू होते. धान्य महागले होते. शेतमजुरांची मजुरी कायद्याने ठरवून द्यावी काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी मजुरी ठरविली नाही; शेतकऱ्यांना ती वाढविण्याची शिफारस केली आणि एक तक्ता तयार केला.

मोठा पाव एका शिलिंगास मिळत असेल, तर कष्टाळू गरीब पुरुषास आठवड्याला तीन शिलिंग व कुटुंबातील इतर प्रत्येक माणसामागे दीड शिलिंग पडावेत. पाव महागेल तसा हा आकडाही वाढावा. मजुरीत जी तूट येईल, ती गावच्या गरीबपट्टीतून भरून द्यावी. महागाईभत्त्यावर महिन्याचा मेळ घालणाऱ्या आपल्यासारख्यांना ही योजना ओळखीची वाटेल. परंतु भेद आहे. आपला भत्ता काम घेणारा देतो. तेथे राबवून घेणार एक आणि तूट भरणार सारा गाव! हा कायदा नव्हता, तरीही अशी पद्धत दक्षिणेकडील अनेक परगण्यांत रुजली. तिच्यामुळे मजुरी घसरली, की मजुरी घसरल्यामुळे ती रुजली, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. मार्क ब्लॉग यांनी १९६३ साली दुसरा पक्ष हिरिरीने मांडला. दिवसभर राबणाऱ्यालाही भिकाऱ्यासारखा हात पसरावा लागला, एवढे मात्र निर्विवाद.

त्यातच मळणीयंत्रे आली आणि हिवाळ्याचे हक्काचे काम गेले. ऑगस्ट १८३० मध्ये केंट परगण्यात पहिले यंत्र फुटले. ‘कॅप्टन स्विंग’ या कल्पित नावाने धमकीची पत्रे धाडली जाऊ लागली, गंज्या पेटल्या. ससेक्समधील ब्रीड गावी मजुरांनी गरीबपट्टीच्या अधिकाऱ्याला गाड्यात घालून गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडले. दंगेखोरांनी कोणाचाही जीव घेतला नाही. सरकारने मात्र एकोणीस जणांना फाशी दिले आणि सुमारे ४८० जणांना ऑस्ट्रेलियाकडे हद्दपार केले.

१८३४ च्या कायद्याने नवा मार्ग काढला. धडधाकट माणसाला मदत हवी असेल, तर त्याने वर्कहाऊसमध्ये यावे. तेथील जिणे बाहेरच्या हलक्यातल्या हलक्या मजुरापेक्षाही हलाखीचे असावे, हे तत्त्व ठरले. नवरा, बायको, मुले तेथे वेगवेगळी ठेवली जात. डॉर्सेटमधील टॉलपडल गावच्या सहा मजुरांनी आदल्या वर्षी मजुरीसाठी संघ काढला होता. गुप्त शपथ घेतल्याच्या आरोपावरून त्यांना १८३४ मध्येच सात वर्षे हद्दपारीची शिक्षा झाली. लोकांच्या चळवळीमुळे १८३६ साली त्यांना माफी मिळाली.

पेलिकन सराईतील ते गृहस्थ निर्दय नव्हते. मजूर उपाशी मरू नये, ही त्यांची तळमळ खरी होती. पण तक्ता नीट जुळला की प्रश्न सुटला, असे त्यांना वाटले असावे. टेबलाशी बसून तक्ते करणाऱ्या आपण सर्वांनी ही चूक ध्यानी ठेवावी. पावाचा हिशेब त्यांनी अचूक केला; मजुराच्या हक्काला मात्र त्यात रकानाच नव्हता.