जुनी टू-स्ट्रोक मातीच्या ट्रॅकवर नेताना

(विशेष प्रतिनिधी)

टू-स्ट्रोक मोटारसायकलींचा काळ सरून बरीच वर्षे लोटली, तरी त्यांचा बाजार काही उठलेला नाही. यामाहाची ‘आरएक्स १००’ १९८५ मध्ये आली आणि १९९६ मध्ये थांबली. म्हैसूरच्या ज्या ‘आयडियल जावा’ कारखान्यातून आधी जावा व नंतर येझदी बाहेर पडत, तोही १९९६ मध्येच बंद झाला. एस्कॉर्ट्‌सची १७५ सीसी राजदूत आणि टीव्हीएस-सुझुकीची शोगन यांच्याही आता आठवणीच उरल्या आहेत. तरीही या गाड्या घराच्या पडवीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा शेतावरच्या गोठ्यात सुटे भाग करून पुन्हा उभ्या केल्या जातात. त्यातल्या काही पुढे मातीच्या ट्रॅकवर उतरतात.

परदेशात ‘डर्ट बाइक’ म्हणजे कारखान्यातूनच मातीसाठी तयार होऊन आलेली गाडी. आपल्याकडे टू-स्ट्रोकच्या काळात देशी कंपन्यांनी अशी गाडी सर्वसामान्य ग्राहकासाठी जवळजवळ आणलीच नाही. पुणे, नाशिक, कोल्हापूर या भागांतील डर्ट ट्रॅकच्या शर्यतींत रस्त्यावरचीच गाडी दिवे, आरसे, मडगार्ड उतरवून आणि काटेरी टायर चढवून पळवली जाई. गंमत अशी, की या रस्त्याच्या गाड्यांच्या कुळात खरे मातीतले पहिलवान होते. जावाची चेकोस्लोव्हाकियातील भावंड ‘सीझेड’ हिच्या २५० सीसी टू-स्ट्रोकवर बेल्जियमच्या जोएल रोबेरने १९६४, १९६८ आणि १९६९ असे तीनदा मोटोक्रॉसचे विश्वविजेतेपद मिळवले होते. राजदूत मात्र पोलंडच्या ‘एसएचएल’ या साध्यासुध्या प्रवासी गाडीवरून घेतलेली.

त्यामुळे आपल्याकडे दोन परस्परविरोधी कामे एकाच गाडीवर येऊन पडतात : जुनी गाडी मुळासारखी करणे आणि तीच गाडी मातीसाठी बदलणे. पहिले काम आधी पूर्ण करावे आणि दुसरे करताना परत फिरवता येतील असेच बदल निवडावेत, असा क्रम ठेवला तर गाडीही वाचते आणि पैसाही. मूळ गाड्यांची संख्या आता वाढणार नाही. कापलेली चेसिस किंवा घासून मोठे केलेले पोर्ट पुन्हा पूर्ववत होत नाहीत.

पाना हाती घेण्यापूर्वी

व्यवहार ठरवताना रंग किंवा क्रोम पाहण्याआधी आरसी बुकातील चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत. अनेक गाड्यांत इंजिनाचा कवच दुसऱ्याच गाडीचा असतो. क्रमांक जुळत नसतील, तर पुढची सारी मेहनत कागदावर बेवारस ठरते. चेसिस रंगवायला देतानाही हीच दक्षता हवी. वाळूचा जोरदार फवारा मारून गंज काढताना कोरलेले अंक पुसट होतात आणि पावडर कोटिंगचा जाड थर ते बुजवून टाकतो. तेवढ्या जागेवर पट्टी चिकटवूनच चेसिस कारागिराच्या हाती द्यावी.

गाडी खोलताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे, प्रत्येक जोडणीचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत चिठ्ठीसह ठेवावेत. कंटाळवाणे काम आहे, पण चार महिन्यांनी गाडी जोडायला बसल्यावर त्याचे मोल कळते. जपानी बनावटीच्या गाड्यांवरील फुली खाचेचे स्क्रू नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरने हमखास झिजतात. आधी गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू द्यावे आणि हातोडीच्या ठोक्यावर फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा.

खरी परीक्षा क्रँककेसची

घरी काम करणारे बहुतेक जण ब्लॉक बोअर करून नवा पिस्टन टाकतात आणि काम झाले असे समजतात. टू-स्ट्रोकमध्ये दोष पुष्कळदा त्याच्याही खाली दडलेला असतो. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस हे केवळ तेलाचे भांडे असते. टू-स्ट्रोकमध्ये तोच पंप असतो. पिस्टन वर जाताना खालच्या पोकळीत पेट्रोल व हवेचे मिश्रण खेचले जाते, पिस्टन खाली येताना तेच दाबले जाऊन ट्रान्स्फर पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये जाते. या पंपाला कुठेही फट पडली, की सारा हिशेब बिघडतो.

फट पडण्याची नेहमीची जागा म्हणजे क्रँकच्या दोन टोकांची ऑइल सील. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत त्यांचे रबर कडक होते. क्लचच्या बाजूचे सील गेले, तर गिअर ऑइल आत खेचले जाऊन पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधील तेल गुपचूप कमी होत जाते. मॅग्नेटच्या बाजूचे सील अधिक घातकी. तेथून नुसती हवा शिरते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण घटते, ॲक्सिलरेटर सोडूनही इंजिनाचे फेरे लवकर उतरत नाहीत, आणि लांब चढावर किंवा ट्रॅकच्या सरळ पट्ट्यात पिस्टन तापून ब्लॉकमध्ये जाम होतो. मागचे चाक अचानक आवळले गेल्याने चालक फेकला जाऊ शकतो. असे इंजिन अनेकदा ‘पिस्टन हलका निघाला’ म्हणून पुन्हा बोअर केले जाते आणि महिनाभरात पुन्हा जाम होते.

ही गळती घरी तपासता येते. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर काढून त्यांची तोंडे रबरी बुचाने व पत्र्याच्या चकतीने घट्ट बंद करावीत, प्लग बसलेला असावा आणि एका बुचातून नळी आत सोडून सुमारे ६ पीएसआय दाबाची हवा भरावी. कंप्रेसरची गरज नाही, उलट त्याच्या जादा दाबाने चांगली सीलही उलटू शकतात. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि तबकडी या कामाला उत्तम. तबकडीवरचे ३०० मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तेवढाच दाब. पाचसहा मिनिटे काटा जागेवर राहिला किंवा मिनिटाला एक पीएसआयहून कमी उतरला, तर इंजिन बंदिस्त आहे. काटा झरझर उतरला, तर जोडांवर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे गळतीची जागा दाखवतात. दोन-तीनशे रुपयांची सील बदलून हजारोंचा खर्च वाचवणारी ही चाचणी गॅरेजमध्येही फारशी कोणी करत नाही, हे नवल.

क्रँकचे काम मात्र घरी करू नये. या गाड्यांची क्रँक तुकडे प्रेसने दाबून जोडलेली असते. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून जरासाही खडखडाट जाणवला, तर खालचे बेअरिंग गेले असे समजावे. बाजूला थोडी हालचाल असणे स्वाभाविक आहे. नवा रॉड बसवल्यावर दोन्ही बाजू लेथवर डायल गेजने मिलिमीटरच्या शतांशांत सरळ कराव्या लागतात. घरच्या हातोडीला ते जमत नाही.

ब्लॉकच्या बाबतीत घाई नको. आरएक्स १०० चा बोअर ५० मिमी आणि स्ट्रोकही ५० मिमी. जादा मापाचे पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने वाढत जातात. थेट मोठ्या मापावर उडी घेणे म्हणजे ब्लॉकचे उरलेले आयुष्य खर्च करणे होय. पूर्ण एक मिलिमीटर वाढवूनही क्षमता ९८ वरून १०२ सीसीच होते, म्हणजे शक्तीच्या आशेने मोठा बोअर करण्यात अर्थ नाही. पिस्टन आधी विकत घ्यावा आणि तो लेथवाल्याच्या हाती देऊन त्याच्या मापाने ब्लॉक बोअर करून घ्यावा, उलट क्रमाने नव्हे. बोअरिंगनंतर पोर्टच्या धारा हलकेच गोल केल्या नाहीत, तर नव्या रिंगा त्यांत अडकून तुटतात. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या दिशेला हवा आणि पिनच्या कड्या दर वेळी नव्याच घालाव्यात.

सुट्या भागांसाठी मुंबईत चोर बाजार व कुर्ला, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार धुंडाळणारे अजून आहेत. ‘मूळ जपानी’ असा शिक्का मारलेला नकली माल तेथे कमी नाही. झिजलेला अस्सल कार्ब्युरेटर घेऊन तो साफ करणे हे चकाकत्या नकलेपेक्षा बहुधा बरे.

तेल, पेट्रोल आणि जेट

यामाहात तेलाचा स्वतंत्र पंप असतो, जुन्या जावा-येझदीत तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. पंप खोलला असेल, तर नळीतील हवेचा बुडबुडा पूर्ण निघेपर्यंत टाकीत मिश्रित पेट्रोलच वापरावे, अन्यथा पहिल्या काही किलोमीटरमध्येच पिस्टन कोरडा पडतो. मिश्रणाचे प्रमाण १:४० म्हणजे लिटरला २५ मिलिलिटर, १:२५ म्हणजे ४० मिलिलिटर. ‘जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षितता’ हा समज अर्धाच खरा आहे. तेल वाढले की जेटमधून जाणाऱ्या त्याच मापात पेट्रोल तेवढे कमी होते.

आता यात इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला पूर्ण जळण्यासाठी हवा कमी लागते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी निवडलेला जुना जेट आता मिश्रण हलके करतो आणि मेन जेट एक-दोन माप वाढवावा लागू शकतो. इथेनॉल पाणी शोषते, जुने रबर फुगवते. गाडी काही आठवडे उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटरचा प्याला रिकामा करून ठेवावा. जेट ठरवण्याची जुनी रीत अजूनही चांगली आहे. पूर्ण ॲक्सिलरेटरवर गाडी पळवून एकदम इंजिन बंद करावे, क्लच दाबून थांबावे आणि प्लग पाहावा. चॉकलेटी रंग ठीक, पांढरट असेल तर धोका, ओला काळा असेल तर पेट्रोल जादा.

टाकीतील गंज व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडने निघतो. त्यानंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन ती लगेच वाळवावी. टाकीला भोक असेल, तर घरी वेल्डिंग करण्याचा मोह टाळावा. रिकाम्या टाकीत उरलेली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक स्फोटक असते. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून ड्रममधील धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

मातीसाठी बदल

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल मागच्या स्प्रॉकेटचा. तीन-चार दात वाढवले, की कमाल वेग घटतो, पण वळणातून बाहेर पडताना लागणारा जोर मिळतो. एका संध्याकाळी बसवता येतो, एका संध्याकाळी काढता येतो. काटेरी टायर, रुंद हँडल, पुढच्या फोर्कमध्ये थोडे घट्ट तेल हेही त्याच जातीचे. मागचे शॉकॲब्सॉर्बर उंच करताना मात्र जपावे. मागचा भाग उचलला की पुढचा फोर्क अधिक उभा होतो, गाडी चटकन वळते पण वेगात डळमळते, आणि चेनचा ताण बदलतो.

सायलेन्सरविषयी गैरसमज फार. आत शंकूसारखी फुगत व निमुळती होत जाणारी नळी, म्हणजे एक्स्पान्शन चेंबर, नुसता आवाज करत नाही. पूर्व जर्मनीतील ‘एमझेड’चे अभियंता वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात तिची उपयुक्तता सिद्ध केली. फुगत जाणारा भाग सिलिंडरमधील जळका वायू ओढून घेतो, तर निमुळता भाग दाबाची लाट परत पाठवून बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पोर्ट बंद होण्याआधी आत ढकलतो. एमझेडचा शर्यतपटू एर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पश्चिमेकडे पळाला, सुझुकीत गेला आणि १९६२ मध्ये त्याने ५० सीसीचे विश्वविजेतेपद जिंकले. जपानी टू-स्ट्रोकच्या भरभराटीत या एका पलायनाचा वाटा मोठा आहे. परंतु ही लाट ठरावीक फेऱ्यांतच वेळेवर परतते. डांबरी ट्रॅकसाठी बनवलेली उंच फेऱ्यांची नळी मातीवर लावली, तर खालच्या फेऱ्यांत गाडी निर्जीव होते आणि मग एकदम उसळते. चेंबर बदलल्यावर जेट पुन्हा ठरवणे अनिवार्य आहे. मूळ सायलेन्सर भंगारात न देता जपून ठेवावा.

पोर्ट घासून उंच करणे हा सर्वांत लोकप्रिय आणि परत न फिरणारा बदल. ५० मिमी स्ट्रोकच्या इंजिनात एक्झॉस्ट पोर्ट एक मिलिमीटर वर नेला, तर तो उघडा राहण्याचा काळ क्रँकच्या सुमारे साडेचार अंशांनी वाढतो. शक्ती वरच्या फेऱ्यांकडे सरकते आणि खालचा जोर जातो, म्हणजे मातीवर जे हवे नेमके तेच गमावले जाते. प्रयोग करायचाच असेल, तर दुसरा जुना ब्लॉक मिळवून त्यावर करावा आणि मूळ ब्लॉक तेल लावून बाजूला ठेवावा. चेसिसचे शेपूट कापून आखूड करण्याबाबत तर अशी पळवाटही नाही.

कायद्याची चौकट

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वेगळे होतील असे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका मांडली. म्हणून चेंबर लावलेली, दिवे उतरवलेली गाडी रस्त्यावरून चालवत नेऊ नये, टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यावी.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि चेसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठे फेरफार न झालेली दुचाकी तिला पात्र ठरते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये ठेवण्यात आले. साठच्या दशकातील जावा आजच या वयात बसते. १९८५ च्या आरएक्स १०० ला त्यासाठी २०३५ पर्यंत थांबावे लागेल, आणि तेव्हाही तिची चेसिस कापलेली नसावी लागेल.